टपावरचे दोन ठोके

मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. नमुना येतो, मी तपासते, जे दिसलं ते लिहिते. जे दिसलं नाही ते लिहायचं नाही, ही सवय आता अंगात मुरली आहे.

म्हणूनच हे लिहायला मला दोन वर्षं लागली.

यात मी पदरचं काही घातलेलं नाही. जसं घडलं तसं सांगते. कुणाला पटलं नाही तर माझा वाद नाही… मलाही ते अजून पुरतं पटलेलं नाही.

२०१६चा सप्टेंबर महिना. शाळांना आठवड्याची सुट्टी होती. जागा मलेशियातली, मर्सिंगच्या पुढे समुद्राकाठी असलेलं सुरूचं बन. वेळ तिन्हीसांजेची. पाऊस होता.

पण त्याची सुरुवात इथे सिंगापुरात झाली होती. यिशुनला, आमच्या ब्लॉकशेजारच्या बहुमजली कार पार्कमध्ये.

माझा नवरा उल्हास जहाजावर सेकंड इंजिनियर होता. चार-पाच महिने समुद्रावर, मग दोन-तीन महिने घरी. घरी आला की आधी पोटभर झोपायचा. झोप झाली की डोळे चोळत विचारायचा, "काय गं, कुठे जायचं?"

कुठे म्हणजे गाडी घेऊन कुठे.

आमची एक जुनी, छोटी जपानी स्टेशन वॅगन होती. उल्हासनं तिचं नाव ठमाबाई ठेवलं होतं. मागच्या सीट आडव्या पाडून त्यावर त्यानं प्लायवूडची फळी बसवली होती. फळीवर गादी. खिडक्यांना माझ्या जुन्या ओढण्यांचे पडदे. आम्ही दोघं आणि मधे आमची मुलगी तन्वी, एवढे तिघं त्यात दाटीवाटीनं झोपायचो.

सिंगापुरात कच्चा रस्ता कुठला असणार? तो मिळवायला पूल ओलांडून मलेशियात, जोहोरला जायचं. पामच्या मळ्यांतले तांबडे रस्ते, ओढे, वाळू. मोठ्या गाड्या जिथे बिचकायच्या तिथून ठमाबाई अंग चोरून निघून जायची.

आणि एक नियम होता.

जहाजाच्या इंजिन रूममध्ये माणूस एकटा उतरला की त्याला ठरावीक वेळानं एक बटण दाबावं लागतं. बटण दाबलं म्हणजे मी ठीक आहे. दाबलं नाही तर वर अलार्म वाजतो आणि लोक धावत खाली येतात.

उल्हासनं हा नियम कॅम्पवर आणला. संध्याकाळ झाली की त्याला फेऱ्या मारल्याशिवाय चैन पडायचं नाही. टायर बघ, दोर बघ, स्टोव्ह नीट बंद आहे ना बघ. आम्ही दोघी गाडीत आडव्या झालेल्या असायचो. जाता जाता तो बोटातल्या अंगठीनं टपाच्या कडेवर दोनदा ठोकायचा.

टक… टक.

आतून एकदा ठोकून उत्तर द्यायचं. म्हणजे आम्ही ठीक आहोत.

उत्तर आलं नाही तर तो काचेवर ठोकायचा. तरीही आलं नाही तर मागच्या दारावर. आणि तरीही नाही, तर सरळ मागचं दार वर उचलून आत डोकं घालायचा आणि म्हणायचा, "काय गं, मेलात की काय दोघी?"

तन्वी मुद्दाम उत्तर द्यायची नाही. तिला ते डोकं आत आलेलं हवं असायचं.

त्या वर्षी फेब्रुवारीत उल्हास जहाजावर इंजिन रूममध्ये एकटा उतरला होता.

बटण दाबलं गेलं नाही.

अलार्म वाजला. लोक धावत गेले. सगळं नियमाप्रमाणे झालं. फक्त त्याचं हृदय आधीच थांबलं होतं.

इंजिन रूममध्ये अंगठी घालत नाहीत. त्यामुळे ती नेहमीसारखी माझ्याजवळच होती. मी ती साखळीत ओवून गळ्यात घातली. आजही आहे.

मार्च महिन्यातली एक संध्याकाळ. मी भाजी घेऊन आले आणि वर फ्लॅटमध्ये जायचा धीर झाला नाही. कार पार्कमध्ये जाऊन गाडीच्या मागच्या फळीवर बसले. दार लावून घेतलं. रडत नव्हते. नुसती बसले होते.

आणि टपावर…

टक… टक.

माझा हात आपोआप वर गेला. मी एकदा ठोकलं.

मग मला कळलं की मी काय केलं आहे.

खाली उतरून पाहिलं. चौथा मजला. वर काँक्रीटचं छत. झाड नाही, फांदी नाही. दूरवर कुणाची तरी गाडी रिव्हर्स घेत होती, तेवढाच आवाज.

मला जे येतं ते मी केलं. तापलेला पत्रा गार होताना आवाज करतो, म्हणून गाडी चालवलीच नाही अशा दिवशी जाऊन बसले. जागा बदलून पाहिली. मजला बदलून पाहिला. सकाळी बसून पाहिलं.

सकाळी काहीच नाही.

संध्याकाळी मात्र, रोज नाही, पण अधूनमधून… टक… टक. पत्र्यावर धातू आपटल्याचा आवाज. मी उत्तर दिलं की पुढे शांत. पूर्ण शांत. त्याचं काम झालेलं असायचं. आम्ही ठीक आहोत, हे त्याला कळलेलं असायचं.

मी हे कुणालाच सांगितलं नाही.

सिंगापुरात गाडीला दहा वर्षांचा परवाना असतो. आमचा सप्टेंबरअखेर संपत होता. तो पुन्हा घेणं माझ्या एकटीच्या पगारात बसणारं नव्हतं. म्हणजे ठमाबाई मोडीत जाणार.

गाडी गेली की टप जाणार. आणि टप गेला की…

मग मी ठरवलं. एकदा शेवटचं त्या सुरूच्या बनात जायचं, जिथे आम्ही दर वेळी जायचो.

आणि या वेळी उत्तर द्यायचं नाही.

काचेवर ठोकू दे. मागच्या दारावर ठोकू दे. नियमाप्रमाणे त्यानं दार उघडायला हवं. मला ते डोकं एकदा आत आलेलं पाहायचं होतं. बाकी काही नको होतं.

बरोबर निशिकांत भावजी आणि त्यांची बायको शैला आले. भावजी पूर्वी उल्हासबरोबर एकाच जहाजावर होते, आता इथेच ऑफिसात असतात. आमच्या बहुतेक सगळ्या कॅम्पना ते दोघं असायचे.

"अगं, तू आणि तन्वी आमच्या गाडीत या ना," शैला म्हणाली. "एकटी कशाला चालवतेस?"

"ठमाबाईला शेवटचं माहेरी न्यायचंय," मी म्हटलं.

"वहिनी, ती गाडी आहे का जेवणाचा डबा?" भावजी म्हणाले. "अडकलात तर आमच्या गाडीला दोर बांधायचा. पण फोटो काढून उल्हासला पाठवणार हां, की बघ लेका…"

ते थांबले.

शैलानं त्यांच्याकडे पाहिलं. भावजींनी उगाचच स्वतःच्या गाडीची काच पुसली.

मर्सिंग सोडलं आणि डांबर संपलं. तांबडा रस्ता, दोन्ही बाजूंना पाम. आदल्या दिवशीच्या पावसानं एका उतारावर मोठी चिखलाची घळ झाली होती. भावजींची उंच गाडी आरामात पार झाली. ते पलीकडे उभे राहून मला हातवारे करू लागले. शैला आणि त्यांच्याच गाडीतून पार झालेली तन्वी त्यांच्या शेजारी.

मी उतरून काठीनं खोली पाहिली, उल्हास पाहायचा तशी. मग गाडी घातली.

मधोमध चाकं फिरायला लागली. नुसती फिरत राहिली.

"ॲक्सिलरेटर सोडा, वहिनी! सोडा!"

मी पाय उचलला. इंजिन गुरगुरत होतं. चाकं थांबली होती.

आणि गाडी पुढे सरकली…

मागून कुणीतरी रेटा द्यावा तशी. हळू, पण सलग. पुढची चाकं कडक मातीवर चढली आणि मग तिची ती निघाली.

"शाब्बास ठमाबाई!" भावजी ओरडले.

मी आरशात पाहिलं. मागे फक्त चिखल होता. आमच्या चाकांच्या खुणांत पाणी भरत होतं.

ते सगळे माझ्यासमोर उभे होते. तिघंही.

बनात पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. तन्वी समुद्रात मनसोक्त खेळली. तेव्हा ती दहा वर्षांची होती. बाबा गेल्यापासून ती एवढी हसलेली मी पाहिली नव्हती. मॅगी खाल्ली आणि गाडीत शिरून ओल्या केसांनीच झोपली.

भावजींनी थोड्या अंतरावर आपला तंबू लावला. ढग उतरले. अजून सूर्य मावळायचा होता, पण बनात अंधारल्यासारखं झालं. पाऊस सुरू झाला तशी शैला तंबूत पळाली. मी गाडीत शिरले, मागचं दार ओढून घेतलं, पडदे लावले.

टपावर पाऊस. पलीकडे समुद्र. शेजारी तन्वीचा श्वास.

मी वाट पाहत पडून राहिले.

पाऊस थोडा ओसरला. सुरूवरून ठिबकणारं पाणी ऐकू यायला लागलं.

मग तेही ऐकू येईना.

समुद्रही ऐकू येईना…

टक… टक.

माझ्या डोक्याच्या अगदी वर. टपाच्या कडेवर.

माझा उजवा हात उठायला लागला. मी तो मांडीखाली दाबून धरला. खरंच सांगते, तो हात माझं ऐकत नव्हता.

काही क्षण गेले. ओल्या वाळूवर पाऊल पडलं की दबका आवाज येतो. तसा एक आला. मग दुसरा.

टक… टक.

काचेवर. पडद्यापलीकडे, माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर.

तोंडातून शब्द फुटू नये म्हणून मी ओठ दातांत धरले. पडदा बाजूला करायची फार इच्छा झाली. केला नाही. नियमात ते नव्हतं.

पावलं मागच्या बाजूला गेली. सावकाश. सेफ्टी शूज घालून चालणाऱ्या माणसाची पावलं जड पडतात, तशी.

टक… टक.

मागच्या दारावर.

या वेळी तो बराच वेळ थांबला. मला वाटलं, तो कान देऊन ऐकतो आहे. आत कुणी जिवंत आहे का, हे ऐकतो आहे.

माझ्या डोळ्यांतून पाणी कानांत उतरत होतं. मी मनात म्हणत होते, उघड. उघड ना रे. विचार, मेलात की काय दोघी.

गाडीचा मागचा भाग किंचित खाली दबला. दार उचलायच्या आधी तो नेहमी त्यावर एक हात टेकायचा.

आणि वास आला. डिझेलचा, आणि तो हात धुवायला वापरायचा त्या संत्र्याच्या वासाच्या साबणाचा. जहाजावरून आला की कितीही अंघोळी केल्या तरी दोन दिवस त्याच्या हातांना तो वास असायचा.

खटका वाजला…

दार उचललं जाऊ लागलं. बोटभर फट पडली. बाहेरचा राखाडी उजेड त्या फटीतून आत आला, आमच्या पावलांवर पडला.

मी उठून बसत होते.

आणि माझ्या शेजारी…

टक.

एकदाच.

मी वळून पाहिलं. तन्वीचा हात गाडीच्या भिंतीला टेकलेला होता, मूठ वळलेली. डोळे मिटलेले. श्वास संथ, झोपेतला. ती मूठ उलगडली आणि हात गादीवर पडला.

फट मिटली.

दार खाली बसलं, अगदी हलकेच. झोपलेल्या माणसांना जाग येऊ नये म्हणून लावतात तसं. गाडीचा दबलेला भाग वर आला.

समुद्र पुन्हा ऐकू यायला लागला.

मी दार ढकलून बाहेर पडले. अनवाणी. पावसात. "उल्हास!" अशी हाक मारली असेन, मला नक्की आठवत नाही.

समोरून निशिकांत भावजी धावत येत होते. एका पायात बूट, दुसरा हातात.

"वहिनी! ठीक आहात ना? तन्वी ठीक आहे ना?"

"हो… का?"

"मग उत्तर का देत नव्हतात? तीन तीन वेळा झालं! मी बूट घालून निघणारच होतो, तेवढ्यात आतून एक ठोका आला. कशाला असा घोर लावता? उल्हास तिकडे मागचं दार उघडाय…"

ते तिथेच थांबले.

त्यांच्या चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं. त्यांनी हातातल्या बुटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग मागच्या दाराकडे.

"वहिनी," ते अगदी हळू म्हणाले, "मी… मी सवयीनं… मला वाटलं…"

ते तसेच, एका पायात बूट, वाळूत बसले. मोठा धिप्पाड माणूस. त्यांना असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. दहनाच्या वेळीही नाही.

त्यांना मी काहीच सांगितलेलं नव्हतं. कार पार्कचंही नाही. आणि त्या संध्याकाळी मी काय ठरवून आले होते, तेही नाही.

वाळूवर पावलं होती, पण सगळीच पावसानं भरलेली. आमची का आणखी कुणाची, सांगता येत नव्हतं.

सकाळी स्वच्छ ऊन होतं. मी टपाची कड पाहिली. वर्षानुवर्षं अंगठी लागून तिथे रंगाचे टवके उडाले होते. सगळे गंजून तपकिरी झालेले. खाऱ्या हवेत उघडा पत्रा लवकर गंजतो.

त्यांच्या शेजारी एक टवका होता… चकचकीत. ताजा.

अंगठी माझ्या गळ्यात होती. मी ती हातात घट्ट धरून बराच वेळ उभी राहिले.

परत येताना पुलावर गाड्यांची लांब रांग होती. तन्वी माझ्या शेजारी बसून बिस्किटं खात होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तनू, काल संध्याकाळी झोपेत काही आठवतंय का गं तुला?"

"बाबा नॉक केला, ना," ती म्हणाली.

मी स्टिअरिंग धरून समोर पाहत राहिले.

"मग?"

"यू नेव्हर आन्सर. सो आय आन्सर लाह." हे तिचं सिंगापुरी इंग्रजी. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाली, "आई, तू उत्तर दिलं नाही तर बाबाला टेन्शन येतं. मग त्याला झोप लागत नाही."

पूर्वी ती मुद्दाम उत्तर द्यायची नाही.



महिनाअखेर गाडी मोडीच्या यार्डात सोडली. फळी काढली, गादी काढली, पडदे काढले. यार्डातला माणूस चावी घेऊन गेला. मी एकटीच होते. मी टपाच्या कडेवर अंगठीनं दोनदा ठोकलं.

थांबले.

काचेवर ठोकलं. मागच्या दारावर ठोकलं. मग दार वर उचलून आत डोकं घातलं.

रिकामी गाडी. नुसता तापलेला पत्रा आणि रबराचा वास.

याला आता दोन वर्षं झाली. आमच्याकडे गाडी नाही. आम्ही अजून यिशुनलाच राहतो. तन्वी बारा वर्षांची आहे, अभ्यासात बरी आहे, मैत्रिणी आहेत. ती आनंदी आहे, असं मला वाटतं.

शाळेतून दमून आली की कधी कधी ती संध्याकाळी आडवी होते आणि डोळा लागतो. मी स्वयंपाकघरात असते.

आणि तिच्या खोलीतून आवाज येतो.

टक.

एकदाच.

मी जाऊन पाहते. ती गाढ झोपलेली असते. पलंगाच्या डोक्याकडच्या फळीला तिची मूठ टेकलेली असते.

ती उत्तर देते.

आधीचे दोन ठोके मला ऐकू येत नाहीत. मी काम सोडून, गॅस बंद करून, श्वास धरून उभी राहून पाहिलं आहे. एकदाही नाही. फक्त तिचं उत्तर येतं.

मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. तीन वेळा नाही.

आत किती माणसं जिवंत आहेत, याचा हिशेब त्यानं त्यावरूनच केला असेल का… हे मला कळत नाही.

त्या संध्याकाळपासून मला कुणी ठोकून विचारलेलं नाही.